पायाखालचा ऋतू

बंगळूरमध्ये ऋतू आधी पायाखाली कळतो. जानेवारीच्या सुमारास फुटपाथ गुलाबी झाला की समजावं, वर टॅबेबुया फुलला. मार्चमध्ये दुसऱ्या जातीच्या टॅबेबुयाचा पिवळा सडा पडतो आणि त्याच्या मागोमाग जॅकरँडाचा जांभळा. एप्रिलमध्ये करंजाची बारीक फुलं मातीत मिसळतात, मेमध्ये गुलमोहर लाल होऊन खाली येतो, आणि वळवाच्या सरीनंतर सोनमोहराच्या पाकळ्या पाण्याबरोबर रस्त्याच्या कडेने वाहत जातात. पावसाळा ओसरला की रात्रीतून बुचाची लांब देठांची पांढरी फुलं गळतात. इथे त्यांना आकाशमल्लिगे म्हणतात. पहाटे त्यांच्या वासाने गल्लीच्या गल्ली भरलेली असते. मान वर न करताही या शहरात वर्ष मोजता येतं.

मोजणारे मात्र थोडेच. त्या गुलाबी सड्यावरून रोज हजारो पावलं जातात आणि बहुतेकांचे डोळे हातातल्या मोबाइलवर असतात. ज्यांच्या हातात मोबाइल नाही, त्यांचंही मन पुढच्या मीटिंगमध्ये किंवा कालच्या भांडणात असतं. पाय फुलांवर आणि माणूस भलतीकडेच.

फुलांची ही रांग आपोआप लागलेली नाही. तिच्यामागे गुस्ताव हर्मन क्रुम्बिगेल नावाचा एक जर्मन माळी आहे. जन्म 1865 चा, ड्रेस्डेनजवळचा. लंडनच्या क्यू उद्यानात शिकून तो 1893 मध्ये हिंदुस्थानात आला, तो थेट सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याला. तिथल्या बागा त्याने घडवल्या आणि 1908 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या लालबागेचा कारभार हाती घेतला. एका झाडाचा बहर सरतो तोच दुसऱ्याचा सुरू व्हावा, म्हणजे बारा महिन्यांत रस्ता कधी फुलांवाचून राहू नये, अशी लावणी त्याने शहराला सुचवली. पुढे एच. सी. जवराय यांनी तीच दृष्टी जपली. 1980 च्या दशकात सेतुराम नेगिनहाळ या वनाधिकाऱ्याने शहरात सुमारे 15 लाख झाडं लावली. आज ज्या सावलीतून आपण चालतो, तिच्यातला बराच भाग त्या लावणीचा आहे. या माणसांनी स्वतःला ध्यानगुरू म्हणवून घेतलं नाही. पण वाटेने जाणाऱ्याला दर महिन्याला नव्याने थांबवायचं आणि डोळे उघडायला लावायचे, ही सोय त्यांनी शतकभरासाठी करून ठेवली. माझ्या लेखी ती ध्यानाचीच सोय आहे.

मराठी वाचकाला हे नवं वाटायचं कारण नाही. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 साली आलं. महिन्यामागून महिना झाडाकडे, ढगाकडे, उन्हाकडे कसं पाहावं, याचा इतका सुंदर वस्तुपाठ आपल्याकडे असताना ‘माइंडफुलनेस’ शिकण्यासाठी दूर जावं लागत नाही. सजगता, अवधान, काहीही म्हणा. जे समोर आहे त्याला पूर्ण हजेरी द्यायची, आणि ते बरं की वाईट हा निवाडा थोडा वेळ बाजूला ठेवायचा. अरणचे सावता माळी पंढरपूरला न जाता मळ्यातच विठ्ठल पाहत राहिले, तेव्हा त्यांनी दुसरं काय केलं?

मन किती गैरहजर असतं, याचा एक हिशेब झाला आहे. 2010 साली हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी सव्वादोन हजार माणसांना दिवसभरात अवचित विचारलं, की आत्ता काय करता आहात आणि मन कुठे आहे. जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. मन भरकटलं होतं तेव्हा माणसं कमी आनंदी होती. विचार सुखाचे असले तरी त्यांनी आनंदात भर पडत नव्हती. म्हणजे काम कंटाळवाणं असलं तरी त्यातून पळून जाणारं मन काही सुखाच्या गावी पोचत नाही.

मल्लेश्वरममध्ये काडुमल्लेश्वराचं देऊळ आहे. काडु म्हणजे रान. रानातला मल्लेश्वर. आज भोवती रान उरलेलं नाही. घरं आहेत, कॉफीची दुकानं आहेत, फुलांचे ठेले आहेत. जवळच्या दोन मोठ्या रस्त्यांची नावं तेवढी झाडांची राहिली आहेत, एक संपिगे म्हणजे सोनचाफ्याचा आणि दुसरा मार्गोसा म्हणजे कडुनिंबाचा. पण देवळाच्या पायऱ्या चढून आवारात गेलं की उजेड बदलतो. जुनी झाडं वरून एकमेकांत गुंतलेली, पिंपळाच्या पारावर हळदी-कुंकवाने माखलेल्या नागशिळा, आणि दगडी फरशीवर सतत हलणारे उन्हाचे कवडसे. रस्त्यावरून आलेल्या माणसाचं पाऊल इथे आपोआप संथ होतं.

या देवळाशी आपलं नातं आहे. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर जिंकलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांनी या मल्लेश्वराला, म्हणजेच मल्लिकार्जुनाला, मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा 1669 चा शिलालेख आहे. मराठी माणसाला त्या दगडाजवळ उभं राहून अभिमान वाटतो. वाटू द्यावा. पण अभिमानाच्या खाली आणखी एक गोष्ट दिसते. दगडावर कोरलेलं इनाम म्हणजे ‘इकडे लक्ष असू द्या’ असं पुढच्या पिढ्यांना सांगून ठेवणं. दिव्याला तेल हवं, पूजेला फुलं हवीत, फुलांना झाडं हवीत, झाडांना पाणी हवं. भोवतीचं सारं शहर घरांनी भरत गेलं, आणि या एका आवारात झाडं टिकली. ती राखण्याचा आदेश कुणी काढला नसेल. देवाकडे लक्ष राहिलं, म्हणून झाडांकडेही राहिलं.

देवळासमोर रस्त्यापलीकडे, जमिनीच्या पातळीच्या खाली, नंदीतीर्थ आहे. मातीखाली गाडलेलं हे स्थान 1997 मध्ये पुन्हा उजेडात आलं. दगडी नंदीच्या मुखातून पाण्याची धार पडते ती शिवलिंगावर, आणि लिंगावरून ओघळून खालच्या कल्याणीत, म्हणजे पायऱ्यांच्या कुंडात, उतरते. त्या पायऱ्यांवर बसण्यासारखं सुख मला या शहरात दुसरीकडे मिळालेलं नाही. काही करायचं नसतं, फक्त धार ऐकायची.

ऐकू लागलं की कळतं, धारेचा आवाज एक नाही. दगडावर आपटणारं पाणी वेगळं बोलतं, कल्याणीत पडणारं वेगळं, आणि पायरीच्या कपारीतून ठिबकणारं आणखी वेगळं. त्यावर घंटेचा नाद येतो, झाडातल्या तांबटाचा एकसुरी ठेका येतो, आणि बाहेरून रिक्षाचा हॉर्न. नवखा माणूस इथे चिडतो. सगळं छान होतं, हॉर्नने घाण केली. सजगतेची खरी परीक्षा त्या हॉर्नपाशी आहे. त्याला शत्रू मानलं की पुढचा पाव तास माणूस मनातल्या मनात रिक्षावाल्याशी भांडत बसतो आणि धार ऐकायची राहूनच जाते. हॉर्न आला, गेला, मागे पाणी होतंच. मन निसटलं, परत आणलं. पुन्हा निसटलं, पुन्हा आणलं. दहा दिवसांच्या मौनात शिकवतात तेही मुळात एवढंच असतं, आणि घरी भांडी घासताना करायचं तेही एवढंच.

दहा दिवसांच्या मौनाचं आपल्याकडचं मोठं ठिकाण म्हणजे इगतपुरीची धम्मगिरी. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातून आणलेली विपश्यनेची परंपरा 1976 पासून तिथे चालते आहे. बंगळूरच्याही सीमेवर, तुमकूर रस्त्याकडे, अलूरला ‘धम्म पफुल्ल’ हे केंद्र आहे. ज्याला दहा दिवस काढता येतात त्याने जरूर जावं. पण मुलांचा डबा, आईचं औषध आणि रात्री साडेनऊचा अमेरिकेचा कॉल यांतून ज्याला दहा दिवस निघत नाहीत, त्याने मन खट्टू करू नये. त्याच्या वाट्याला दिवसातल्या फटी आहेत, आणि फटींतूनही पिंपळ उगवतो.

कॉफीचं घ्या. इथली ‘बाय-टू’ म्हणजे एका कॉफीचे दोन वाटे, दोघांत एक. पेला इतका लहान की लक्ष दुसरीकडे असेल तर चव कळायच्या आत संपतो. पहिला घोट तोंडात असेपर्यंत बोलायचं नाही, मोबाइल उलटा ठेवायचा. चिकोरीचा कडूपणा जिभेच्या मागे लागतो, दुधाचा गोडवा पुढे, आणि पेल्याची धग बोटांना. एवढा एक घोट जरी पुरता घेतला, तरी तेवढ्यापुरती आपण हजेरी लावली.

नळाचंही तसंच. बंगळूर हे नदीकाठी न वसलेलं शहर, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर. इथल्या बहुतेक नळांना येणारं पाणी कावेरीचं असतं. ते सुमारे शंभर किलोमीटरवरून येतं आणि वाटेत पंप लावून जवळजवळ पाचशे मीटर वर चढवावं लागतं. 2024 च्या उन्हाळ्यात विंधनविहिरी आटल्या, टँकरच्या रांगा लागल्या, तेव्हा भाजी धुतलेलं पाणी कुंडीत घालायला सगळेच शिकले. पाऊस आला आणि बरेच जण विसरलेही. ओंजळीत पाणी धरताना ते कुठून, किती उंच चढून आलं आहे हे क्षणभर आठवावं. आपल्या आज्या सकाळी अंघोळीच्या पाण्यात गंगा-यमुना-कावेरी बोलावत असत. त्यांना ते पाणी खरंच कावेरीचं नाही हे ठाऊक होतं. आपल्याकडे खरंच कावेरी येते, आणि आपण शॉवरखाली ईमेलचा मजकूर जुळवत असतो.

लालबागेतल्या खडकाचं ओझरतं सांगते. सुमारे तीनशे कोटी वर्षांचा तो ग्नाइस, माथ्यावर शहर वसवणाऱ्या केंपेगौडाच्या नावाचा छोटा बुरूज, आणि संध्याकाळी त्यावर बसलेलं अर्धं बंगळूर. त्या दगडावर बसून श्वास मोजायला मला जमत नाही, उगाच लाज वाटते. नुसतं तळवे टेकवून बसावं. दिवसाची ऊब दगड अंधार पडल्यावरही सोडत राहतो.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका करंजाने. गल्लीच्या वळणावर, विजेच्या खांबाला खेटून उभा असलेला हा करंज दिसायला अगदीच सामान्य आहे. महापालिकेने एका बाजूने छाटलेला, बुंध्याला कुणाच्या तरी क्लासच्या जाहिरातीचा खिळा. ‘सीझनवॉच’ नावाचा एक उपक्रम आहे. बंगळूरचं नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस आणि नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन यांच्या आधाराने तो उभा राहिला. त्यात कुणीही एक झाड निवडायचं आणि आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जाऊन नोंद करायची. कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं. प्रत्येकापुढे काहीच नाही, थोडी किंवा पुष्कळ एवढंच लिहायचं. देशभरातून जमलेल्या अशा नोंदींवरून हवामान बदलतं तसे झाडांचे ऋतू सरकताहेत का, ते अभ्यासक पाहतात. विज्ञानाचं काम, पण करताना ते जपमाळेसारखं होऊन जातं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पहिल्या काही आठवड्यांत काहीच दिसत नाही. झाड हिरवं आहे, एवढंच. मग एके दिवशी लक्षात येतं की एकही पान कोरं नाही. पानांवर पांढरट नागमोडी रेघा आहेत. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतला गर खात जाणाऱ्या अळीचा तो प्रवास. काही पानांवर फोडांसारख्या गाठी आहेत, त्या सूक्ष्म कोळ्यांच्या कुळातल्या जीवांनी केलेल्या. ज्याला मी रोगट झाड म्हणत होते ते भरल्या घराचं झाड निघालं. मग फेब्रुवारीत पानं पिवळी होऊन झडतात, खांबाजवळ थोडे दिवस नुसत्या फांद्या दिसतात, आणि एका सकाळी सगळ्या झाडाला एकदम पालवी. तो हिरवा रंग इतका ओला आणि उजळ असतो की खालून जाणाऱ्याच्या कपड्यांवर त्याची झाक पडते. एप्रिलमध्ये फुलं येतात आणि येताच गळू लागतात. खाली लाह्यांचा सडा, वर मधमाश्यांचा असा गुंजारव की ट्रान्सफॉर्मर वाजतोय असं वाटून मी एकदा वर पाहिलं होतं. पुढे चपट्या शेंगा धरतात आणि जवळजवळ वर्षभर, कसलीही घाई न करता, पिकत राहतात.

या झाडाखाली फुलं विकणाऱ्या अम्मा बसतात. मी वर तोंड करून उभी राहते तेव्हा पूर्वी त्या काळजीने विचारायच्या, “एनु अक्का, एनायितु?” काय झालं, ताई? आता त्याच मला सांगतात की परवा सगळ्यात वरच्या फांदीला कळी आली, तुम्हाला दिसणार नाही, तुमचा चष्मा. त्यांच्या नजरेला कोणत्याही नोंदवहीची गरज नाही. मोगरा ओवताना बोटं आपली चालत असतात आणि मान वर असते.

हे पाहून काय मिळतं? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर फुगवून सांगू नये. माझ्यापुरतं सांगायचं तर घाईचा जोर कमी झाला. घाई संपली नाही. करंजापाशी थांबण्याची सवय लागल्यावर सिग्नललाही थांबता येऊ लागलं. सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेल्या बसमध्ये राग येतो, पण तो येताना दिसतो. छातीत गरम होतं, जबडा आवळतो, वाक्यं जुळू लागतात. दिसलं की त्याची धार थोडी बोथट होते, आणि घरी जाऊन तो दुसऱ्याच कुणावर निघत नाही.

अभ्यासकांचे आकडेही साधारण असंच मोजूनमापून बोलतात. 1979 मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दीर्घ दुखण्याच्या रुग्णांसाठी बौद्ध परंपरेतल्या या साधनेचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला, तिथून दवाखान्यांत तिचा शिरकाव झाला. 2014 मध्ये 47 चाचण्या आणि साडेतीन हजारांवर माणसं एकत्र तपासून जो आढावा निघाला, त्यात चिंता, खिन्नता आणि वेदना यांवर मध्यम प्रतीचा, पण खरा फायदा दिसला. औषधाहून किंवा व्यायामाहून ती सरस आहे असा पुरावा मात्र सापडला नाही. झाडांच्या बाबतीतही असाच एक प्रयोग आहे. ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं, की दीड तास झाडा-गवतातून चाललेल्या माणसांचं मनातल्या मनात तेच ते उगाळणं कमी झालं. गजबजलेल्या रस्त्याच्या कडेने तेवढंच चालणाऱ्यांचं झालं नाही.

म्हणून एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण बंगळूरमध्ये तिची गरज आहे. निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था याच शहरात आहे. तिने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहातल्या एकाहून किंचित जास्त प्रौढांना उपचार लागतील असा मानसिक आजार आढळला, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर झाडाखाली जाऊन बसा असं त्या माणसाला सांगणं हा निर्दयपणा आहे. त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जावं. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा 2022 पासून आहे. तिचा क्रमांक 14416, आणि तिची सूत्रं निम्हान्सकडे आहेत. खोल दुखावलेल्या माणसाला डोळे मिटून एकटं बसवलं की आत कोंडलेलं एकदम उसळू शकतं, हेही शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. नंतर, हात धरणारं कुणी मिळाल्यावर, झाड आहेच.

दुसरी शंका मला कार्यालयांतल्या सजगतेविषयी आहे. शुक्रवारी दुपारी चार ते साडेचार गालिच्यावर बसून सामूहिक श्वास, आणि पावणेपाचला ‘आजच हवं’ अशी मेल. साधना उत्तम, शिकवणाराही बहुधा प्रामाणिक. पण ज्या कामाने माणूस दमतो ते काम तसंच ठेवून त्याला दमणं सोसायची कला शिकवायची, हा व्यवहार मला पटत नाही. डोळे उघडले की कामाचे तासही दिसले पाहिजेत, आणि ते दिसल्यावर बोलताही आलं पाहिजे.

कारण लक्ष देण्याची एक खोड आहे, ते स्वतःपाशी थांबत नाही. काडुमल्लेश्वरापासून जवळच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं आवार आहे. तिथल्या झाडांत लाजवंती राहते. मूठभर देहाचा, भल्यामोठ्या डोळ्यांचा, रात्री फिरणारा हा प्राणी. कानडीत त्याला काडुपाप म्हणतात, रानातलं बाळ. ते उडी मारत नाही. एक हात घट्ट धरून झाल्याशिवाय दुसरा सोडत नाही. त्यामुळे त्याला फांदीला फांदी लागलेली हवी. मधलं एक झाड तुटलं की त्याचा रस्ताच तुटतो. रस्ता रुंद करताना आपण झाडांचा आकडा वाचतो, अमुक तोडली, तमुक लावणार. काडुपाप पाहिलेल्या माणसाला तो आकडा तसा वाचताच येत नाही.

उन्हातून जाणाऱ्यालाही तो तसा वाचता येऊ नये. हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या रस्त्यांवर मोजणी करून 2013 मध्ये मांडलं, की झाडं असलेल्या रस्त्यावर दुपारची हवा उघड्या रस्त्याहून 5.6 अंशांपर्यंत थंड असते आणि डांबराचं तापमान 27.5 अंशांपर्यंत कमी भरतं. थर्मामीटर नसलेल्या भाजीवालीला हे कधीपासून माहीत आहे. ती हातगाडी कुठे लावते ते पाहा.

आणि पाणी. नंदीच्या मुखातल्या धारेपुढे हात जोडणाऱ्या शहरानेच वृषभावतीचं काय केलं? वृषभ म्हणजे नंदी, त्याच्याच नावाची नदी. तिचा उगम बसवनगुडीच्या दोड्ड बसवण्णाच्या, म्हणजे मोठ्या नंदीच्या, पायाशी मानतात. ती अर्कावतीला मिळते आणि अर्कावती कावेरीला. आज म्हैसूर रस्त्याच्या कडेने ती शहराचं सांडपाणी घेऊन जाते आणि लोक नाकाला रुमाल लावून पूल ओलांडतात. बेळ्ळंदूरच्या तलावावर 2015 मध्ये फेस चढला, आग लागली, आणि 2017 मध्ये पुन्हा आग लागली. पाण्याला आग! ते एका दिवसात झालेलं नाही. कित्येक वर्षं हजारो माणसं रोज त्या काठावरून लक्ष न देता गेली, तेव्हा झालं. उलट सर्जापूर रस्त्यावरच्या कैकोंड्रहळ्ळीच्या तलावाकडे आसपासच्या रहिवाशांनी लक्ष घातलं, महापालिकेला सोबत घेतलं, आणि 2010 च्या आसपास तो मरता मरता वाचला. आता तिथे सकाळी बगळे आणि शाळेची मुलं एकाच काठावर दिसतात. त्या रहिवाशांतले किती जण ध्यानाला बसत होते, ठाऊक नाही. पण रोज तेच पाणी पाहायचं आणि त्याला काय होतंय ते स्वतःपासून लपवायचं नाही, हे त्यांना जमलं.

डोळे मिटून मिळालेली शांती उघड्या डोळ्यांसमोरचा ओढा पाहू देत नसेल, तर ती गुंगी आहे. माझा कौल स्पष्टपणे उघड्या डोळ्यांच्या बाजूने आहे.

तेव्हा एक करा. तुमच्या रोजच्या वाटेवरचं एक झाड निवडा. बंगळूर असो, पुणे असो, नागपूर असो. फार देखणं निवडू नका, बसथांब्याजवळचं धुळकट झाड उत्तम. आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी, पाच मिनिटं त्याच्याखाली उभे राहा. मोबाइल खिशात ठेवा, तीन श्वास सावकाश घ्या, आणि मग पालवी, कळी, फूल, फळ यांपुढे काहीच नाही, थोडं, पुष्कळ असं लिहा. बुंध्याला खिळा असेल तर तो काढा, आळं सिमेंटने बुजवलं असेल तर वॉर्ड कार्यालयात तक्रार द्या. वसंताची वाट पाहायची गरज नाही, वर्षातल्या कोणत्याही आठवड्यापासून सुरुवात करता येते.